मल्लूमामांची शिंक

मल्लूमामा गेल्याचा फोन आला, तेव्हा घरात कुणीही शिंकलं नव्हतं. त्यांच्या आयुष्यातली ही एकच मोठी गोष्ट असेल, जी शिंकेशिवाय पार पडली…

त्याला आता महिना होत आला. माझे हे सख्खे मामा. सोलापुरात त्यांचं भुसार मालाचं दुकान. ज्वारीचं पोतं उघडलं की पहिली शिंक यायची आणि मग अशी सरबत्ती, की शेजारचे दुकानदार माप थांबवून ऐकत बसायचे. सौदा ठरता ठरता मामा शिंकले की गिऱ्हाईक उठलंच. आमच्या नातेवाइकांत ‘माशी शिंकली’ असं कुणी म्हणतच नसे. ‘मल्लू शिंकला’ म्हणत. लग्नांत अक्षतांच्या वेळी त्यांना लांब, आचाऱ्यांजवळ बसवत. मामा हसत जायचे आणि पहिली गरम बुंदी चाखून यायचे. अपमानाचा असा पोटभर वचपा काढणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

पण सुवर्णाचं, त्यांच्या एकुलत्या एका लेकीचं, लग्न ठरलं आणि थोरल्या मावशीनं सुचवलं, की अक्षतांना मल्लूनं बाहेरच थांबलेलं बरं. त्या दिवशी मामा हसले नाहीत. मला गाडी काढायला लावून नाक-कान-घशाच्या डॉक्टरीणबाईंकडे गेले. तोवरचा इलाज म्हणजे कपाळाला वेखंड आणि घरात कुणाच्याही उरलेल्या अँटिबायोटिकच्या गोळ्या.

बाईंनी दुर्बिणीनं तपासलं आणि मामांच्याच भाषेत सांगितलं, “नाक म्हणजे दुकानाचं दार, सायनस म्हणजे मागची गोदामं. धुळीच्या ॲलर्जीनं दाराशी सूज येते, वारा बंद होतो, आत तुंबलेल्याला जंतू धरतात. म्हणून गाल नि कपाळ ठणकतं.” गोळ्यांवरून त्या चांगल्याच रागावल्या. असल्या गोळ्या दर सर्दीला लागत नाहीत, आणि लागल्या तर अर्धवट सोडायच्या नाहीत. रोज उकळून कोमट केलेल्या मिठाच्या पाण्यानं नाक धुवायचं, औषधाचा फवारा मारायचा, दुकानात मास्क लावायचा. एवढ्यानं भागलं नाही, तर ऑपरेशनचं बघू.

“बाई, अक्षतांपर्यंत शिंक थांबंल?” मामांनी विचारलं.

“कमी होईल. थांबेलच असं लिहून देत नाही.”

मामांनी चिनी मातीचं तोटीचं भांडं आणलं. नळाची वाट बघणाऱ्या गावात उकळलेलं पाणी नाकात ओतणारा नवरा बघून मामी संतापायच्या. मामा मान तिरकी करायचे, एका नाकपुडीतून ओतलेलं पाणी दुसरीतून येऊ लागलं की घोषणा व्हायची, “उजनी धरण सोडलं!” पण एकही दिवस त्यांनी चुकवला नाही.

लग्नात मामा मांडवात पुढे उभे. मुठीत अक्षता, डोळ्यांत पाणी. सगळे नवरानवरीऐवजी त्यांच्या नाकाकडे बघताहेत. शेवटचं मंगलाष्टक सरत आलं… आणि मांडव हादरवणारी शिंक! माना मामांकडे वळल्या. मामा शांत. शिंकले होते अक्कलकोटचे व्याही, नवरदेवाचे वडील. मामा हात जोडून पुढे झाले.

“पाव्हणं, लाजू नका. आता खरी सोयरीक जुळली की.”

सगळा मांडव हसला. अक्षता पडल्या. आठवड्यानं अक्कलकोटला तसंच एक भांडं पोचलं.

गेल्या रविवारी व्याही मामींना भेटायला आले होते. न्हाणीघराच्या खिडकीत मामांचं भांडं अजून पालथं आहे. मामी कुणाला हलवू देत नाहीत. निघताना व्याही उंबऱ्यावर शिंकले आणि ओशाळून थबकले. मामी त्या खिडकीकडे बघत होत्या.

“आणखी एकदा शिंका की, पाव्हणं,” त्या म्हणाल्या. “घर लई गप झालंय.”