भाट्याची सुरमई पाटी आणि माझे लोखंडी स्क्रू

बाळूदादा, गुडघा कसा आहे? सुमनताई, खोकला थांबला का? विनू, तुझी साखर? मी बरा आहे, पण मन थाऱ्यावर नाही.

भाट्याला किनाऱ्यावर शैलावहिनींची खानावळ आहे. तिची सुरमईच्या आकाराची सागवानी पाटी मी बनवली होती. अक्षरं वहिनींच्या यजमानांनी स्वतः रंगवली. पुढच्याच वर्षी ते गेले.

पाटी खांबावर बसवताना होड्या बांधणारे दाजी म्हणाले होते, "पितळी स्क्रू मार रे. खारा वारा लोखंड चावून खातो."

मी म्हटलं, "वरून रंग देतो ना, दाजी." आपल्याला सगळं कळतं, हा माझा जुना रोग.

आज सकाळी वहिनींचा फोन आला. जाऊन बघतो तर स्क्रू गंजून तुटलेले, पाटी फुटलेली. माशाची शेपटी तेवढी वाळूत होती, अक्षरांचा भाग भरतीने नेला.

वहिनी रागावल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "भावोजी, फळी नवी मिळेल हो. त्यांचं अक्षर कुठून आणायचं?"

तुमच्यापैकी बरेचजण तिथे जेवलात. पाटीपाशी फोटो काढला असेल तर तेवढा शोधा. त्यावरून अक्षर जसंच्या तसं उतरवीन, पितळी स्क्रू आणून ठेवलेत. सापडो न सापडो, दोन ओळी लवकर लिहा.