झोराक ग्रहाचं बारावं पान

सोमवारी सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी काकड्या घाटाळ घोलवडजवळच्या एका वाडीत चिकूच्या झाडाखाली उभे होते. हातात बेडणी होती. बेडणी म्हणजे लांब बांबू आणि त्याच्या टोकाला जाळीची पिशवी. फळ जाळीत घ्यायचं, बांबूला हलका झटका द्यायचा, की देठ सुटतो. त्या सकाळी त्यांच्या हातून दोन फळं जाळीबाहेर पडली आणि फुटली. शेजारच्या रांगेतला तुक्या म्हणाला, "कालची शाल जड झाली वाटतं." काकड्यांनी फुटलेली फळं पायाने झाडाच्या आळ्यात सरकवली.

आदल्या दिवशी, रविवारी, डहाणूत त्यांचा सत्कार झाला होता.

काकड्यांच्या दोन्ही हातांना दोन-दोन बोटं आहेत, एक अंगठ्याच्या बाजूचं, एक करंगळीच्या. मधली जन्मापासून नाहीत. तिथे तळव्यात उतरत गेलेली खोल खाच आहे. त्यांचे वडील लक्ष्या यांचे हात असेच होते. मुलगा दीपेश पाच बोटांचा निघाला. दीपेशची मुलगी प्रगती पुन्हा आजोबांवर गेली.

अशा हातांनी काय होतं, हे काकड्या चवीने सांगत नाहीत. शाळेत त्यांना खेकड्या म्हणत, म्हणून तिसरीनंतर गेले नाहीत. वाचायला शिकणं तिथेच सुटलं. वाडीत व्यापारी आले की जुना मुकादम त्यांना हात वर करायला सांगायचा, आणि व्यापारी हसले की तोही हसायचा. रेशनच्या दुकानातलं अंगठ्याचं यंत्र त्यांना अजूनही लवकर ओळखत नाही. त्यांची बायको गंगीबाई लग्न करून आल्या त्या आधी घराचं छप्पर बघून. "कौलं होती," त्या सांगतात. "हात नंतर बघितले."

आयुष्यात एक गोष्ट आपल्याला जमली, असं काकड्या मानत आले: प्रगती हात लपवत नाही. बारावीला आहे, तलासरीला कॉलेजात जाते, वर्गात हात वर करते, एसटीत कंडक्टरसमोर पास धरते. हे एका चित्रामुळे झालं.

चित्राची गोष्ट चाळीस वर्षांपूर्वीची. वाडीच्या मालकांकडे, ज्यांना सगळे मोठे शेठ म्हणत, मुंबईचा एक चित्रकार उन्हाळाभर राहायला आला होता. मुलांच्या एका मासिकासाठी तो परग्रहांच्या चित्रकथा काढायचा. दुपारी गोडाऊनच्या सावलीत तो लक्ष्याला बसवी, चहा देई, विडी देई आणि त्याचे हात काढी. चेहरा काढी. एकदा झरीला, लक्ष्याच्या गावी, घरीही आला. तिथे लक्ष्याच्या बापाचा वीर बघून त्याने तोही वहीत उतरवला. झरीत माणूस गेल्यावर काही वर्षांनी त्याचा वीर बसवतात: लाकडाची फळी, तिच्यावर कोरलेला घोडेस्वार, वर चंद्र आणि सूर्य. लग्नकार्यात त्याला तांदूळ वाहतात.

त्याच पावसाळ्यात लक्ष्या तापाने गेला. त्याचा एकही फोटो नव्हता. दिवाळीनंतर मोठ्या शेठनी काकड्यांना बंगल्यावर बोलावलं आणि मासिकातून नीट कापलेलं एक पान हातात ठेवलं. पानभर एकच चित्र, अक्षर एकही नाही, पानाची पाठ कोरी. एक उंच योद्धा दोन्ही हात वर करून उभा. हात दोन बोटांचे. चेहरा लक्ष्याचा, उजव्या भुवईवरच्या व्रणासकट. मागे घोडेस्वाराची फळी, आकाशात दोन गोळे.

घरच्यांनी त्याला लक्ष्याचा फोटो मानलं. दोन गोळे म्हणजे चंद्र आणि सूर्य, यात कुणाला शंका नव्हती. अंग मात्र हिरवं होतं. नव्या सुनेने, गंगीने, सासरा हिरवा का म्हणून विचारलं, तेव्हा तिची सासू, काळी, म्हणाली की छापखान्यात रंग चढला असेल, आणि देव निळे असतात ते कोण विचारतं? पान काचेत बसवून भिंतीवर टांगलं. पुढे लक्ष्याचा वीर कोरायचा झाला तेव्हा सुताराने हेच पान समोर ठेवून स्वाराचे हात दोन बोटांचे केले. दीपेशच्या लग्नात फळीसमोर तांदूळ वाहिले, तसे काचेसमोरही वाहिले. काच एका कोपऱ्यात फुटली होती. तिथून कुंकू आत गेलं आणि योद्ध्याच्या छातीवर पसरलं.

प्रगतीला चार वर्षांची असताना अंगणवाडीत कुणी चिमटा म्हणालं आणि ती रडत घरी आली. काकड्यांनी तिला उचलून काचेसमोर धरलं. हा माझा बापूस, त्यांनी सांगितलं. मोठी लढाई जिंकलाय. हात बघ कुणासारखे आहेत. मुलगी रोज बघू लागली. मग तिने ते शाळेत सांगितलं. मग कुणी चिडवलं तर सांगू लागली. पुढे सांगायची गरज उरली नाही.

या जानेवारीत मोठ्या शेठचा नातू मनिष झरीला आला. शेठ कधीच गेले होते. त्यांच्या कपाटात मनिषला त्या मासिकाचा जुना अंक सापडला होता. गोष्टीचं नाव 'झोराकचे योद्धे'. मनिष आणि त्याचे मित्र जुन्या विज्ञानचित्रकथा जमवतात. डहाणूत त्यांचं प्रदर्शन भरवायचं ठरत होतं, आणि या अंकातलं बारावं पान नेमकं नव्हतं. कडेला कात्रीची रेघ होती. ते पान घाटाळांच्या भिंतीवर आहे, हे त्याला वडिलांकडून कळलं होतं.

काकड्यांनी फ्रेम उतरवली, काच बाहेर काढली, पान सदऱ्याने पुसलं आणि उजेडात धरलं. मनिषने मोबाइलवर फोटो काढले. कुंकवाचा डाग निघत नव्हता. त्याबद्दल काकड्यांनी माफी मागितली. मनिष म्हणाला, राहू द्या, उलट छान दिसतंय. जाताना त्याने आजोबा आणि नात दोघांना सत्काराचं आमंत्रण दिलं.

प्रगतीला हॉलमध्ये, अनोळखी माणसांत, स्टेजवर जायचं नव्हतं. गावात सगळ्यांना हात माहीत होते, डहाणूत नव्हते. काकड्यांनी तिला दोन आठवडे समजावलं. आपल्या माणसाचं चित्र लावलंय, ते म्हणाले, आपण नाय गेलो तर कोण जाणार? ती तयार झाली. अर्ध्या बाह्यांचा, पिवळा, नवा ड्रेस घातला.

रविवारी आधी सत्कार झाला, चित्रं नंतर. सूत्रसंचालकाने माइकवर 'झोराकचे खरे वंशज' अशी ओळख करून दिली. शाल, नारळ, टाळ्या. फोटोग्राफरने चित्रातल्यासारखे हात वर करायला सांगितले. काकड्यांनी केले. प्रगतीनेही केले. त्या फोटोत दोघंही हसताना दिसतात. मग मनिषने त्यांना फलकांकडे नेलं.

गोष्ट सोळा पानांची आहे. झोराक ग्रहावर दोन बोटांची हिरवी जमात राहते. ती फक्त लढते. तिला शेती नाही, घरं नाहीत, गाणी नाहीत. लाकडाच्या फळीला माणसांचा बळी देते. पृथ्वीवरून एक कॅप्टन येतो. पाचव्या पानावर तो म्हणतो, "ज्यांच्या हाताला बोटं दोन, त्यांच्या डोक्यात अक्कल किती असणार?" त्याचे सोबती हसतात. बाराव्या पानावर टोळीचा सरदार हात वर करून उभा आहे. कॅप्टनच्या बंदुकीसमोर तो शरण आला आहे, हे अकराव्या पानावरून कळतं. तेराव्यावर फळीचे तुकडे होतात. चौदाव्यावर सरदार जळतो. सोळाव्या पानावर पृथ्वीवरच्या संग्रहालयात शाळेची मुलं एका काचेच्या बरणीसमोर उभी आहेत. बरणीत दोन हात आहेत.

प्रगती वाचत पुढे गेली. मागून येणाऱ्या काकड्यांना वाचावं लागलं नाही. चित्रकथा होती.

बाराव्या पानासमोर गर्दी होती. सहा फुटी फलकावर कुंकवाचा डाग ताटाएवढा झाला होता. सरदाराच्या छातीवर ते रक्त वाटत होतं. एक बाई मुलाला तसंच सांगत होत्या. पलीकडे मुलांची वेषभूषा स्पर्धा चालू होती. फोमचे हिरवे हातमोजे वाटले होते, दोन बोटांचे, आणि मुलं ते घालून एकमेकांना चिमटे काढत होती. आयोजकांपैकी कविता नावाच्या तरुणीने प्रगतीला परीक्षक व्हायची विनंती केली. तिचा हेतू वाईट नव्हता. तुझ्याइतकं बरोबर कोण सांगणार, असं ती म्हणाली. प्रगतीने मान हलवून नाही म्हटलं आणि हात ओढणीखाली घेतले.

काकड्यांनी ते पाहिलं. ते मनिषकडे गेले आणि बारावं पान उतरवायला सांगितलं.

मनिषने शांतपणे समजावलं. ही कल्पना आहे, परग्रहावरची माणसं आहेत, कुणा खऱ्या माणसाबद्दल नाही.

"भुवईवरचा वण माझ्या बापाचा आहे," काकड्या म्हणाले. "आणि तो कॅप्टन तुमच्या बापाचं तोंड घेऊन आलाय. मीच खांद्यावर फिरवलाय त्याला, वळखणार नाय?"

मनिषने फलकाकडे बघितलं. सरळ नाक, हनुवटीची खळी. वडील त्या उन्हाळ्यात कॉलेजातून सुटीवर आले होते. चित्रकाराने समोर जे होते ते घेतले, असं तो म्हणाला. बाबांनाही कुठे विचारलं होतं?

"त्यांना जिंकवला ना पण."

मनिष मूळ मुद्द्यावर आला. "काका, ते पान काढलं तर गोष्ट तुटते."

"चाळीस वर्सं तुटलेलीच होती. कुणाचं काय अडलं?"

फलक उतरला नाही. प्रदर्शन मंगळवारी संपल्यावर तो घरी पाठवतो, असं मनिष म्हणाला. काकड्यांनी शाल आणि नारळ खुर्चीवर ठेवले. कविताने ते विसरले समजून धावत आणून दिले.

मोठ्या शेठनी ते एकच पान का कापलं, हे आता कुणी सांगू शकत नाही. घाटाळांना बापाचा चेहरा मिळावा म्हणून कापलं असेल. उरलेली पंधरा पानं त्यांना दिसू नयेत म्हणूनही असेल. मनिषच्या वडिलांना विचारलं तर ते म्हणतात, पप्पांनी अंक कपाटात कुलपात ठेवला होता एवढंच आठवतं.

घरी आल्यावर प्रगतीने फ्रेम खिळ्यावर उलटी फिरवली. गंगीबाईंनी ती सुलट केली. काय झालं ते त्यांना अजून कळलेलं नव्हतं. प्रगतीने पुन्हा उलटी केली.

"आजा, तुला माहीत होतं?"

"नाय."

"मग जिंकला म्हणून का सांगायचास?"

काकड्या खाटेवर टेकले. "उभा होता," ते म्हणाले. "हात वर करून उभा असलेला माणूस हरलाय, असं कोण समजंल?"

"सगळ्या जगाला समजतं. आपल्यालाच नाही समजलं."

दीपेश कामावरून आल्यावर म्हणाला, चूल पेटलेलीच आहे, पान जाळून टाकू. काकड्यांनी नको म्हटलं. रागाने नाही, हिशेबाने. ते जाळलं तर लक्ष्याचा चेहरा जगात उरतो तो फक्त डहाणूच्या फलकावर, कपाटातल्या अंकात तर हे पानच नाही. मग ओसरीतल्या वीराचं काय करायचं, हे दीपेशने विचारलं. त्या स्वाराचे हात तर याच पानावरून कोरलेत. रात्री गंगीबाईंनी आपल्या रोजच्या सवयीने तांदळाचे चार दाणे वाहिले. फळीसमोर वाहिले, आणि फ्रेमच्या पुठ्ठ्याच्या पाठीसमोरही.

सोमवारी प्रगती कॉलेजला गेली नाही. दुपारी तिने पांढरा कुर्ता आजीसमोर टाकला आणि बाह्या लांब करायला सांगितल्या. मंगळवारी तिची जीवशास्त्राची प्रात्यक्षिक परीक्षा आहे. बाहेरचे परीक्षक येणार आहेत. त्यांच्यासमोर कांद्याची साल काचपट्टीवर ठेवून दाखवायची आहे. सरावात ती हे वर्गात सगळ्यांच्या आधी करायची. गंगीबाई म्हणाल्या, बाह्या बोटांवर आल्या तर काचपट्टी कशी धरणार? "धरेन," प्रगती म्हणाली. जुन्या कुर्त्याचं कापड जोडून बाह्या बोटांच्या टोकापर्यंत आणल्या. शिवण उलटसुलट दिसते, पण हात दिसत नाहीत. एसटीचा पास तिने दोरीत ओवून गळ्यात अडकवला, म्हणजे कंडक्टरसमोर धरायला नको.

काकड्या संध्याकाळी वाडीतून आले तेव्हा ती पुस्तक घेऊन ओसरीत बसली होती. पान उलटायला तिने बाही वर केली, त्यांना बघून खाली घेतली. त्यांच्यापासून हात लपवायची ही पहिली वेळ. ते मागच्या दाराने पाय धुवायला गेले. चिकूचा चीक बोटांच्या खाचेत बसतो, राखेने घासावा लागतो. त्यांना नेहमीपेक्षा जास्त वेळ लागला.

प्रगतीची एसटी उद्या सकाळी पावणेआठला झरी फाट्यावर येते. काकड्यांची तोडणी सातला सुरू होते; त्यांना समुद्राकडच्या रांगा दिल्या आहेत. डहाणूचं प्रदर्शन दहाला उघडतं. वेषभूषा स्पर्धेची अंतिम फेरी दुपारी चारला आहे. प्रवेश मोफत, हातमोजे आयोजकांकडून मिळतील.