चमचाभर चाखलं म्हणून

आमचे हे मेक्सिकोहून परत आले तेव्हा त्यांच्या ट्रंकेत गव्हाच्या लोंब्या होत्या, माझ्यासाठी एक जाड लोकरीची शाल होती, जिचा श्रीरामपुरात काडीचाही उपयोग नव्हता, आणि स्वेटरांत गुंडाळलेल्या दोन बाटल्या होत्या. गव्हाचं शिकून यायला सरकारने त्यांना सहा महिने पाठवलं होतं. ते सहा महिने मी एकटी राहिले, रोज शाळेत गेले, घरमालकिणीचे टोमणे ऐकले आणि खरं सांगायचं तर सुखात होते.

बाटल्यांत पाण्यासारखं पांढरं काहीतरी होतं. त्याला टकीला म्हणतात, असं ह्यांनी सांगितलं, आणि ते घायपातासारख्याच एका झाडाच्या गड्ड्यापासून गाळतात, हेही सांगितलं. मला हसू आलं. आमच्याकडे घायपात बांधावर लावतात, गुरं आत शिरू नयेत म्हणून. फार तर त्याचा वाख काढून दोर वळतात. त्या दुष्काळी वर्षात कालव्यापासून जरा लांब गेलं की हिरवं असं तेवढंच उरलं होतं. त्याची दारू होते हे कुणाला ठाऊक नव्हतं, नाहीतर तेही उरलं नसतं.

मी मुलींच्या हायस्कुलात विज्ञान शिकवत होते. दोन वर्षं झाली होती आणि अजून हंगामीच होते. जूनमध्ये कायम करू, असं मोठ्या बाई म्हणाल्या होत्या. मोठ्या बाई म्हणजे आमच्या मुख्याध्यापिका. ही नोकरी काय होती ते आज कुणाला सांगून पटणार नाही. प्रयोगशाळेच्या कपाटाची किल्ली माझ्याकडे असायची. साडीच्या पदराला बांधलेल्या घरच्या किल्ल्या सासूबाईंनी दिलेल्या होत्या आणि त्या परत मागायचा त्यांचा हक्क होता. ही किल्ली मी शिकून मिळवली होती. वर्गात शिरले की पन्नास मुली उठून उभ्या राहायच्या आणि माझ्या तोंडून काय निघतं त्याची वाट बघायच्या. घरी माझ्या तोंडून काय निघतं याची कुणी वाट बघत नव्हतं.

कायम होण्यासाठी संस्थेच्या अध्यक्षांची सही लागणार होती. अध्यक्ष मोठे ऊसबागायतदार. टोपी कडक इस्त्रीची, बोलणं गावचं, शब्दाला वजन. आमच्या स्नेहसंमेलनात ते दरवर्षी व्यसनमुक्तीवर बोलायचे आणि मुली टाळ्या वाजवायच्या. ह्यांच्या मेक्सिकन गव्हाच्या प्रयोगाचे वाफेही त्यांच्याच रानात होते. तेव्हा ह्यांनी ठरवलं की अध्यक्षांना एका संध्याकाळी घरी बोलवायचं, बाटली फोडायची आणि माझ्या नोकरीचा विषय काढायचा.

"तुझ्यासाठीच करतोय," हे म्हणाले. मी नको म्हटलं. माझं काम चांगलं आहे, मला बाटलीची शिफारस नको, असं स्पष्ट म्हटलं. त्यावर, व्यवहार तुला कळत नाही, हे उत्तर ठरलेलं होतं.

आधी ह्यांनी स्वतः एक घोट नुसताच घेऊन पाहिला. तिकडे पालथ्या हातावर मीठ घेऊन चाटतात म्हणे. इकडे तो घोट मोरीत गेला. मग ह्यांना आठवलं की तिथे एका घरी आल्याच्या सोड्यात मिरची घालून काहीतरी दिलं होतं आणि ते फर्मास होतं. "तसं कर," म्हणाले. किती आलं, किती मिरची, काही ठाऊक नाही. आईच्या हातच्या आमटीचंही ह्यांचं असंच असायचं. चव ह्यांच्या जिभेवर आणि शोधायची मी.

शोधली. स्टेशनजवळच्या सोडावॉटरवाल्याकडे गोटीच्या बाटलीत 'जिंजर' मिळायचं. ते गोड होतं, रंगाला तपकिरी होतं, आणि त्यात आल्याचा नुसता वास होता. म्हणून मी खरं आलं किसलं आणि फडक्यातून रस पिळला. हिरव्या मिरच्या चिरून, बिया काढून, मिठाबरोबर खलात जरा ठेचल्या. लिंबं त्या वर्षी सुपारीएवढी आणि कोरडी होती, ती पुष्कळ लागली. बर्फ पोत्यात घालून वरवंट्याने फोडला. ग्लासांच्या कडांना लिंबू फिरवून ग्लास मिठाच्या ताटलीत पालथे घातले. कारण तिकडे तसं करतात, आणि तिकडचं झालं की ह्यांना सगळं पटत असे. एक माप दारू, चमचाभर आल्याचा रस, ठेचलेल्या मिरचीचं गाळलेलं पाणी, लिंबू आणि वरून जिंजर.

आता यात तिखट किती झालं हे कळायचं कसं? आईने शिकवलं होतं की नैवेद्याआधी चाखायचं नाही, हाताच्या अंदाजाने मीठ घालायचं. प्रयोगशाळेत मीच मुलींना बजावत असे की काहीही जिभेला लावायचं नाही. पण हा ना नैवेद्य होता ना प्रयोग. घरी पाहुणा येणार होता आणि त्याच्या घशाला आग लागली तर नाव माझं निघणार होतं. मी एक चमचा घेऊन चाखलं. मिरची जास्त होती. आणखी लिंबू पिळलं आणि चिमूटभर साखर टाकली.

अध्यक्ष आले, पाटावर न बसता खुर्चीवर बसले, आणि पहिला ग्लास त्यांनी पाण्यासारखा संपवला. कशापासून केलंय ते ह्यांनी सांगितल्यावर तर त्यांना फारच मजा वाटली.

"म्हंजे घायपात म्हना की," ते म्हणाले. "आमच्या बांधाला निस्ता घायपात हाय. वाख काढून काढून आमचे हात सोलले, आन् तिकडं ही मजा चाललीया व्हय?"

तिसऱ्या ग्लासाला त्यांनी मला स्वयंपाकघरातून बाहेर बोलावलं. "वहिनी, लई झ्याक झालंय. पर तिखटाचा अंदाज कसा घेतला तुमी?"

"चमचाभर चाखून पाहिलं," मी म्हटलं. पिठल्याबद्दल विचारलं असतं तरी मी हेच म्हटलं असतं.

ते मोठ्याने हसले. ह्यांच्याकडे बघून म्हणाले, "साहेब, वहिनी तयार हायेत की." हेही हसले. नोकरीचा विषय ह्यांनी काढला तेव्हा अध्यक्षांनी छातीवर हात ठेवला आणि काळजीचं कारण न्हाई म्हणाले. जाताना उंबऱ्याला अडखळले. ह्यांनी त्यांना धरून जीपपर्यंत नेलं.

पुढच्या आठवड्यात मोठ्या बाईंनी मला बोलावून घेतलं. दार लावून घ्यायला सांगितलं.

"तुम्ही घेता असं संस्थेच्या समितीत निघालंय," त्या म्हणाल्या.

"काय घेते?"

"उगाच विचारू नका. घेतली का नाही, एवढं सांगा."

मी सगळं सांगितलं. आलं, मिरची, लिंबू, चमचा. त्या ऐकत होत्या आणि टेबलावरची टाचणी कागदात खुपसून काढत होत्या. बाई वाईट नव्हत्या. त्यांनाही त्याच समितीपुढे उभं राहायचं होतं.

"म्हणजे घेतली," त्या म्हणाल्या.

"अध्यक्षांनी तीन ग्लास घेतले. ते समितीत निघालं का?"

"ते पुरुष आहेत," मोठ्या बाई म्हणाल्या. "आणि ते मुलींना शिकवत नाहीत."

मुलींना शिकवणाऱ्या बाईची चालचलणूक, असं काहीतरी त्या पुढे बोलल्या. जूनपासून विज्ञानाला दुसरी बाई येणार होती. मी कपाटाची किल्ली टेबलावर ठेवली. वर्गात जाऊन मुलींना काही सांगायची सोय नव्हती, कारण सांगायचं काय? तुमच्या बाईंनी चमचाभर चाखलं म्हणून? घरी येईपर्यंत मी रडले नाही. आल्यावर मोरीत बसून रडले. त्या मोरीचा मला अजून राग येतो.

हे संध्याकाळी आले. मला वाटलं होतं, चप्पल तशीच पायात ठेवून ते अध्यक्षांकडे जातील. ह्यांनी चप्पल काढली, पाय धुतले, चहा मागितला.

"पण कबूल कशाला केलंस?" ह्यांनी विचारलं. "नाही म्हणायचं, विषय संपला."

"तुम्ही जाऊन सांगाल का त्यांना, की बाटली तुमची होती आणि बोलावणं तुमचं होतं?"

"गहू त्यांच्या रानात उभा आहे," हे म्हणाले. "या वेळेला त्यांना दुखवून कसं चालेल?"

मी त्या गव्हाला मनातल्या मनात तांबेरा लागावा असं म्हटलं. पिकाला शाप देऊ नये हे मला कळतं. पण दिला.

लागला नाही. पुढल्या थंडीत त्याच बियाण्याचा गहू असा आला की आजूबाजूच्या गावांतून माणसं बघायला यायची. ह्यांना बढती मिळाली. मी घरी होते. घरमालकिणीच्या मुलीला फुकट विज्ञान शिकवत होते आणि भांड्यांना कल्हई लावणाऱ्याची वाट बघत होते.

त्याच हिवाळ्यात एका दुपारी हे म्हणाले की संध्याकाळी अध्यक्ष येणार आहेत, गहू चांगला आला म्हणून, दुसरी बाटली काढायची, तेच कर. जिंजरच्या बाटल्या आणि बर्फ हे घेऊनच आले होते. मी ह्यांच्या तोंडाकडे बघितलं. त्यात लाज वगैरे काही नव्हती. विसरले होते. मी विसरले नव्हते, पण बाजारातून आलेलं आलं मी धुतलं, किसलं आणि पिळलं. मिरच्यांच्या बिया काढल्या नाहीत, देठ काढून तशाच खलात टाकल्या. चमचा फडताळातच राहिला.

अध्यक्षांनी मला नमस्कार केला. "बऱ्या हायेत का वहिनी?" म्हणाले. मी बरी आहे म्हटलं आणि ग्लास ठेवले. त्यांनी मोठा घोट घेतला आणि त्यांना असा ठसका लागला की टोपी मांडीवर पडली. डोळे लाल झाले, नाकातून पाणी यायला लागलं. हे धावत जाऊन त्यांच्या पाठीवरून हात फिरवायला लागले आणि माझ्यावर खेकसले, "अगं, देण्याआधी चाखून तरी बघायचंस."

"नको," मी म्हटलं. "एक नोकरी गेली तेवढी पुरे."

अध्यक्षांनी नाक पुसलं, मांडीवरची टोपी उचलली. मग हसले. त्यांना ती गंमत वाटली. ते हसले म्हणून हेही हसले. हसता हसता अध्यक्षांना पुन्हा ठसका लागला, आणि ह्यांनी मला पाणी आणायला सांगितलं. मी आणून दिलं.