जागतिकीकरणाच्या संदर्भात मनगट

कोणताही कागद हाती आला की सर तो वाचण्याआधी खिडकीच्या उजेडाकडे धरत. रजेचा अर्ज असो, लग्नपत्रिका असो नाहीतर कुणाचा तीनशे पानांचा प्रबंध. पहिलं पान उजेडात, एक डोळा बारीक, आणि मग "हं." कागदावर लिहिलेलं तुम्हाआम्हांसाठी आहे, यांना मात्र त्याच्या आरपारचं दिसलं, असा त्या "हं"चा अर्थ असे. क्ष-किरणांवर डॉक्टरेट मिळवलेल्या माणसाला अशी सवय लागायचीच, असं आम्ही समजून घेत होतो. पहिली दोन वर्षं.

"एक्स-रे" म्हटलेलं त्यांना खपत नसे. एक्स-रे दवाखान्यात काढतात, संशोधन क्ष-किरणांवर होतं, असं ते ऐकवत.

डेक्कनच्या मागच्या एका गल्लीत आमची संशोधन संस्था होती. सर तिचे संचालक, मी भाषा-संपादक. म्हणजे इतरांनी शोधलेलं मी शुद्ध करून देई. पाहुण्यांना ते माझी ओळख "हे आमचे ऱ्हस्व-दीर्घ" अशी करून देत. पाहुणे हसत. मी हसत नसे. तरी तिथे बारा वर्षं टिकलो, कारण संस्थेत हसणं सक्तीचं नव्हतं, टाळ्याच तेवढ्या सक्तीच्या होत्या.

मी नोकरीला लागलो तेव्हा सर स्फटिकांबद्दल बोलत आणि ते बरं बोलत. पुढे देशात जागतिकीकरण आलं आणि सरांनी त्याला घरचं माणूस करून घेतलं. कुणीही निबंध आणून दिला की लाल पेनाचं टोपण निघे आणि शीर्षकाला शेपूट लागे : जागतिकीकरणाच्या संदर्भात. जात्यावरच्या ओव्या, जागतिकीकरणाच्या संदर्भात. मंडईतला भाजीबाजार, जागतिकीकरणाच्या संदर्भात. एकदा गांडूळखतावरचा निबंध आला आणि त्यालाही शेपूट लागलं, तेव्हा मी विचारलं की गांडुळाचा आणि जागतिकीकरणाचा संबंध काय.

"संबंध नाही, संदर्भ आहे," सर म्हणाले. "तुम्ही भाषेचे ना? हा फरक तुम्हाला कळायला हवा."

असे सर तुमच्याही पाहण्यात असतील. त्यांचा राग येतो, पण तो चहाबरोबर ओसरतो. माझा ओसरला नाही, त्याला कारण वाघोली.

वाघोलीला तेव्हा एका सॉफ्टवेअर कंपनीच्या इमारती उभ्या राहत होत्या. बांधकामावरची माणसं बहुतेक विदर्भ-मराठवाड्याकडची. त्यांच्या पोरांसाठी कंपनीने पत्र्याच्या शेडमध्ये बालवाडी काढून दिली होती, आणि पोरांना रोज एक पेला दूध व एक अंडं मिळे. वर्षभराने कंपनीला प्रश्न पडला की हे चालू ठेवायची गरज आहे का, आणि पुढच्या साइटवरही द्यायचं का. मुलांची वाढ तपासून अहवाल द्या, असं पत्र संस्थेला आलं. सरांनी पत्र उजेडाकडे धरलं. आठवड्यात प्रकल्पाचं नाव तयार झालं : बांधकाम मजुरांच्या बालकांचा प्रारंभिक विकास, क्ष-किरणांच्या आधारे, जागतिकीकरणाच्या संदर्भात. एका दगडात तीन पक्षी मारल्याचं समाधान त्यांच्या तोंडावर होतं.

बालवाडीच्या वानखेडेबाई अमरावतीकडच्या. नवरा कारखान्यात, स्वतः बालशिक्षणाची पदविका घेतलेल्या. मुलाची वाढ बघायची तर आधी त्याचं वय हवं, आणि या बत्तीस मुलांपैकी एकाचाही जन्म कुठे नोंदवलेला नव्हता. आयांना तारीख विचारली की त्या हसत. पण बाईंनी प्रश्न बदलला होता. त्या विचारत, "कितव्या स्लॅबची?"

याचं उत्तर प्रत्येक आईकडे असे. हा विमाननगरच्या इमारतीचा पाचवा स्लॅब ओतला त्याच्या दुसऱ्या दिवशी झाला. ही खराडीला, तळमजल्याच्या स्लॅबला, तेव्हा मी घमेली वाहत होते. ठेकेदार सगळीकडे एकच होता. बाई सुपरवायझरांना फोन करून जुन्या वह्या उघडायला लावत. पोराच्या जन्माची नोंद नसली तरी स्लॅबची असे, तारीख, वार आणि सिमेंटच्या पोत्यांसकट. अशी बाईंनी बत्तीस मुलांची वयं काढली होती, महिन्याच्या हिशेबात.

सरांनी ती वही पाहिली. उजेडाकडेसुद्धा धरली नाही. "बाई, छान आहे हे. पण हे लोकसाहित्य झालं. आपल्याला विज्ञान हवंय. आई चुकेल, मुकादम चुकेल, हाड खोटं बोलत नाही."

तर हाडांना विचारायचं ठरलं. नुकत्याच जन्मलेल्या मुलाच्या मनगटात छोटी हाडं दिसतच नाहीत, वयाबरोबर ती एकेक करून दिसू लागतात. डाव्या हाताचा फोटो काढायचा आणि परदेशी मुलांच्या हातांची चित्रं असलेल्या एका जाड पुस्तकाशी ताडून बघायचा. फोटो बघायला बुधवार पेठेतून ट्यूबलाइटची पेटी बनवून आणली. क्ष-किरण यंत्र टेम्पोतून वाघोलीला गेलं. हार, नारळ, कंपनीचे दोन अधिकारी, एक वार्ताहर. सर पंचवीस मिनिटं बोलले. पोरं अंड्याची वाट बघत बसली होती.

त्या दिवसाबद्दल मला एक गोष्ट सांगितलीच पाहिजे, इच्छा नसली तरी. तंत्रज्ञ असूनही प्रत्येक मुलाचा हात सरांनी स्वतः फिल्मवर मांडला. शिशाचा जड एप्रन घालून ते उकिडवे बसत आणि पोराला सांगत, "थापीनं सिमेंट सारखं करतात ना, तसा हात ठेव. अस्सा." पोरं खुदकन हसत आणि हात बरोबर तसा ठेवत. एका फोटोच्या वेळी वार्ताहराचा कॅमेरा अडला. पुन्हा एकदा घेता का, म्हणाला. सर ताडकन उठले. लहान मुलावर कारणाशिवाय एकसुद्धा किरण पडणार नाही, हे त्यांनी इतक्या कडक आवाजात सांगितलं की कंपनीचे अधिकारीही बाजूला झाले. तो आवाज मी पूर्वी ऐकला नव्हता, नंतरही नाही.

पंधरा दिवसांनी सरांनी हाडांवरून वयं काढली. बाईंच्या वहीतल्या वयांपेक्षा जवळजवळ प्रत्येक मूल वर्ष-सव्वा वर्षाने लहान निघालं. सरांनी वही बाजूला सारली, आणि मुलांच्या उंच्या व वजनं या नव्या वयांशी ताडून पाहिली. सगळं जुळलं. पाच वर्षांचं मूल चार वर्षांचं ठरवल्यावर ते चार वर्षांच्या मुलाएवढं भरतं, यात जुळण्यासारखं काहीच नव्हतं, हे मलाही तेव्हा कळलं नाही. मी व्याकरणात होतो. निष्कर्षाचं सरांचं वाक्य सात ओळींचं होतं. मी ते चार शब्दांवर आणलं : मुलांची वाढ वयानुरूप आहे. आजवर इतकं नेटकं वाक्य मी केलेलं नाही.

बाईंना मात्र मसुदा वाचताच कळलं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या वाघोलीहून दोन बस बदलून आल्या आणि सरांच्या टेबलावर त्यांनी कागदाची एक पुडी उघडली. आत एक दुधाचा दात होता.

"सोनीचा आहे," त्या म्हणाल्या. "काल पडला. तुमच्या कागदात सोनी साडेचार वर्षांची आहे. साडेचार वर्षांच्या पोरीचा दात काहून पडंल, सर?"

सर दाताकडे बघत राहिले. मी खुर्चीतच होतो, मसुदा मांडीवर.

"पोरगी सहाची आहे ना जी. हाडं साडेचारची आहेत. हाडं मागे पडलीत, खायला नाही म्हणून. तुम्ही तिचं वयच कापलं."

मग सर म्हणाले, "बाई, दात हाडात मोडत नाही."

बाईंनी पुडी बांधली. दारात वळून त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी मसुद्यातला एक अनुस्वार तपासू लागलो.

अहवालाचं प्रकाशन ठरलेलं होतं. पत्रिका छापून झाल्या होत्या, परदेशातले एक पाहुणे विमानात बसले होते. समारंभ उत्तम झाला. महिन्याभरात कंपनीचं आभाराचं पत्र आलं. वाढ वयानुरूप असल्यामुळे दूध आणि अंडं आता आवश्यक नाही, त्याऐवजी बालवाडीला एक संगणक भेट देत आहोत आणि भिंतीवर जगाचा नकाशा रंगवून देत आहोत. शेडमध्ये वीज दिवसातून चार तास असे. नकाशा मात्र कायम होता.

पुढे ती इमारत पुरी झाली, माणसं पुढच्या साइटवर गेली, बाईही तिकडे गेल्या. दोन वर्षं त्या कंपनीकडे दुधाअंड्यासाठी अर्ज करत होत्या. दर वेळी एकच उत्तर येई, की तुमच्याच मुलांवरचा शास्त्रीय अहवाल आमच्याकडे आहे. सर निवृत्त झाले, शाल घेतली, दुसरी घेतली आणि मुलाकडे अमेरिकेत राहायला गेले.

त्यांची खोली रिकामी करायचं काम माझ्याकडे आलं. खालच्या कपाटात फिल्मांची पाकिटं होती. प्रत्येकावर मुलाचं नाव आणि टाइप केलेलं वय. हाडांवरून काढलेलं. टाइप केलेल्या ओळीखाली पेन्सिलीने दुसरी ओळ होती. बारीक, सरळ अक्षर, प्रयोगशाळेत वाढलेल्या माणसाचं. "जन्मानुसार ५ वर्षे २ महिने. वाढ मागे." पुढच्यावर, "जन्मानुसार ४ वर्षे. वाढ बरीच मागे." प्रत्येकाखाली सही आणि तारीख. बाईंच्या वहीतली वयं त्यांनी एकेक करून उतरवून घेतली होती. तारीख बाई दात घेऊन आल्या त्याच्या दुसऱ्या दिवसाची होती. समारंभ त्यानंतर नऊ दिवसांनी झाला.

मी पाकिटं घेऊन बराच वेळ बसलो. ज्याला माहीत नाही त्याला माफ करता येतं. या माणसाला माहीत होतं. एका दिवसात त्याने सगळं तपासलं होतं, चूक मान्य केली होती, सही करून कपाटात ठेवली होती, आणि मग सूट घालून व्यासपीठावर जाऊन बसला होता. आणि खालच्या खुर्च्यांमध्ये टाळ्या वाजवत मी होतो, चार शब्दांचा कर्ता. मला निदान त्या पेन्सिलीच्या ओळी लिहायचीसुद्धा बुद्धी झाली नव्हती.

बाईंना फोन केला. त्या आल्या. त्या चिडतील, निदान चार शब्द बोलतील, म्हणून मी तयारीत होतो. त्यांनी पहिल्या पाकिटावरच्या सहीवर बोट ठेवलं.

"सरांचीच आहे ना?"

"त्यांचीच."

"मग झालं. आता बघते कसे नाही म्हणतात." त्या पाकिटं मोजू लागल्या आणि अखेरीला थांबल्या. "एकतीस आहेत. सोनीचं कुठं आहे?"

कपाट पुन्हा पाहिलं, टेबलाचे खण पाहिले. सोनीचं पाकीट सगळ्यांत महत्त्वाचं होतं, तिच्यात फरक सर्वांत मोठा होता. शेवटी मी अमेरिकेला फोन लावला. सरांनी माझा आवाज ओळखला, पुण्याची हवा विचारली. पाकिटं सापडली, असं मी सांगितलं.

"एक कमी आहे," मी म्हणालो.

"माझ्याकडे आहे," सर म्हणाले.

का, असं मी विचारलं नाही. ते बाईंना हवं आहे, पोस्टाने पाठवा, एवढंच म्हणालो. ते म्हणाले, पाठवतो. मग त्यांनी विचारलं, "ती पोरगी आता कुठे असते?" शेजारी उभ्या असलेल्या बाईंनी सांगितलं, तेच मी फोनमध्ये म्हणालो, की आईबाप वाघोलीलाच राहिले, ती तिथेच दुसरीत आहे, वर्गात सगळ्यांत बुटकी. त्यांनी "हं" केलं नाही. फोन ठेवला.

पाकीट आलं नाही. बाईंनी महिनाभर वाट पाहिली आणि मग एकतीस घेऊन कंपनीत गेल्या. संचालकांच्याच सहीपुढे संचालकांचा अहवाल टिकेना. नव्या साइटवर दूध सुरू झालं. अंड्याचं बघू म्हणाले आहेत, म्हणजे बाई अजून बघतायत. सरांवर संस्थेने गौरव अंक काढायचं ठरवलं आणि लेख मागितला, तेव्हा मी हाच दिला. तो त्यांना छापता आला नाही.

ते पाकीट अजून तिकडेच आहे. पाठवायचं राहिलं असेल, हरवलं असेल, किंवा त्यांना द्यायचंच नसेल, मला त्याच्याशी कर्तव्य नाही. बाईंचं म्हणणं वेगळं आहे. त्या म्हणतात, सर ते मधूनमधून उघडून बघत असतील.

बाईंचा स्वभाव मुळातच चांगला आहे.