वत्सलाबाई जेठांसमोर बोलल्या

कळसाडीच्या वत्सलाबाईंना कुणी अबोल म्हटलं तर गावातल्या बाया पोट धरून हसतील. कापूस वेचायला गेल्या की त्यांच्या हातापेक्षा तोंड जास्त चालायचं. पण ओट्यावर थोरले दीर, म्हणजे जेठ, चुनीलालभाई दिसले की पदर पुढे यायचा आणि बाई चिडीचूप. धाकट्या भावाच्या बायकोनं जेठांसमोर बोलायचं नाही, ही त्यांच्या घरची रीत. लग्न होऊन आल्यापासून त्यांनी ती कधी मोडली नव्हती.

चुनीलालभाई मात्र देवमाणूस, हे आधीच सांगून टाकतो, नाहीतर तुम्ही उगाच त्यांच्यावर डाफराल. भाऊ गेला तेव्हापासून त्याचा ऊस-कापूस, मुलगा अमृतचं शिक्षण, लग्न, सगळं यांनीच पाहिलं. भावजयीच्या हृदयाची एक झडप आकसत चालली आहे हे कळल्यावर दर वेळी स्वतः गाडी काढून नंदुरबारला नेणार, डॉक्टरांपुढे तिच्या शेजारी बसणार. डॉक्टर विचारायचे, "चालताना दम लागतो का?" उत्तर चुनीलालभाई द्यायचे, "नही साहेब, बरं शे तिले. घरनं सगळं काम करस." बिचाऱ्यांना दिसायचं तेवढंच ते सांगत. पदराआडचं त्यांना दिसणार काय, कप्पाळ! डॉक्टर म्हणायचे, त्रास नाही तर ऑपरेशनची घाई नको. गोळ्या चालू ठेवा.

या वेचणीला वत्सलाबाईंचं तोंड बंद पडलं, तेव्हा बायांना पहिली शंका आली. बोलायचं की वेचायचं, दोन्हीला श्वास पुरेना. पाय सुजून चप्पल चढेना. आडवं पडलं की जीव घाबरा व्हायचा, म्हणून भिंतीला टेकून झोपायच्या. हौदाजवळ चक्कर आली, तेव्हा सून दिपालीनं धरलं म्हणून वाचल्या.

"हे डॉक्टरले सांगा," दिपाली म्हणाली.

"जेठसमोर? लोके काय म्हनतीन?"

"तुम्ही गेल्यावर लोके काय म्हनतीन, तेबी इचार करा."

सून फटकळ आहे, पण खरं बोलली. त्या दिवशी वत्सलाबाईंना तिचा भयंकर राग आला होता. आज तिचं नाव काढलं तरी कौतुकानं डोळे भरून येतात.

पुढच्या खेपेला डॉक्टरांनी तोच प्रश्न विचारला. चुनीलालभाईंनी तेच उत्तर दिलं. डॉक्टर लिहायला लागले. वत्सलाबाईंच्या हातात पदराचा पार बोळा झाला होता. आज गप्प बसलो तर दिपालीच्या पोटातल्या नातवंडाचं बारसं बघायला आपण उरणार नाही, एवढं एकच त्यांच्या डोक्यात होतं. जमिनीकडे बघत त्या म्हणाल्या, "डॉक्टर, माले बरं नही शे."

मग सगळं बाहेर आलं. दम, सूज, भिंत, हौद. एकही गोष्ट गाळली नाही.

डॉक्टर जरा गोंधळले. "मागच्या वेळी तर काहीच नाही म्हणालात?"

वत्सलाबाई पुन्हा तोंड उघडणार, तोच चुनीलालभाई बोलले. "साहेब, मांगे मी बोलनू, ती नही. लगीन हुईसन घरमा उनी, तैपासून तिनी मन्हासमोर एक शब्द नही काढा. आज काढा, म्हनजे तरास कितला व्हई, तुम्हीच समजा. मन्हं सांगनं खोडा, तिनं सांगनं लिखा."

डॉक्टरांनी खरोखर आधीची ओळ खोडली. लगेच हृदयाची सोनोग्राफी केली. झडप फार अरुंद झाली होती. "बरं झालं तुम्ही स्वतः बोललात," ते म्हणाले, "आता थांबायचं नाही." नाशिकला ऑपरेशन झालं, नवी झडप बसली.

शुद्धीवर आल्यावर वत्सलाबाईंना दाराशी चुनीलालभाई दिसले. रीतीप्रमाणे लांब, पाठमोरे उभे. टोपी हातात, मान खाली. किती वेळ हा माणूस असा उभा असेल, कोण जाणे. डॉक्टरांशी त्या बोलल्या होत्या खऱ्या, पण जेठांशी अजून एकदाही नाही.

पदर सारखा करायला हात उचलेना. तशाच त्या म्हणाल्या, "भाऊ, तुम्ही चहा पिधा का?"

चुनीलालभाई वळले. टोपीनंच डोळे पुसत म्हणाले, "पिधा माय, पिधा."

चहा त्यांनी सकाळपासून घेतलाच नव्हता.