हाताला धरून आणणारी मामी

बोरगाव मेघेच्या आमच्या मामीचा आवाज चढलेला कुणी ऐकला नाही. शेजारी म्हणत, हिच्या घरचा कुकरसुद्धा विचारून शिट्टी देतो. मामी जाऊन आता वर्ष होईल. घरात मी कुणावर ओरडलो की ती हटकून आठवते. ओरडून झाल्यावर आठवते, हे खरं.

पहाटे ती देवघरापुढे घोंगडी टाकून ध्यानाला बसे. माझा रक्तदाब वाढला तेव्हा बायकोनं मलाही तिच्या शेजारी नेऊन बसवलं. डोळे मिटले की मला आधी पोहे दिसत, मग ऑफिसातले साहेब, आणि त्यानंतर काहीच दिसत नसे, कारण मी घोरत असे. हे कबूल केलं तेव्हा मामी म्हणाली, "मन पळनच, बापू. त्याच्यावर ओरडू नोको. हाताले धरून परत आन. पुन्हा पळालं, पुन्हा आन." योगात यालाच अभ्यास म्हणतात, असंही तिनं सांगितलं. मला वाटलं, एवढंच असेल तर सोपं आहे.

मग मामांचं विसरणं सुरू झालं. आधी चष्मा, मग शेजाऱ्यांची नावं, मग स्वतःचं घर. दिवेलागणीला ते चपला घालत आणि "घरी जातो" म्हणून निघत. मी एकदा तावातावानं भिंतीवरचा त्यांचाच फोटो दाखवला. त्यांनी निरखून पाहिला, फोटो चांगला आहे म्हणाले, आणि कुणाचा ते मलाच विचारलं.

मामी वाद घालत नसे. ती त्यांच्यासोबत निघे, गल्लीच्या टोकापर्यंत कापसाच्या भावाचं बोलत जाई, आणि हात धरून त्यांना आपल्याच फाटकाशी आणी. "आलं पाहा घर." मामा खूश होऊन आत शिरत. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. लेकीनं फोनवर विचारलं, आई, तुला कंटाळा येत नाही का? "येते ना," मामी म्हणाली. "आला का पायतो त्याच्याकडं. मंग तो जाते."

एका संध्याकाळी मीही त्यांच्यासोबत फिरून आलो. फाटकाशी मामांनी मामीच्या हातातून आपला हात सोडवला आणि अदबीनं म्हणाले, "बाई, तुमी आता जा. घरात माही बायको वाट पाहून राह्यली असन. तिले हे बरं दिसनार नाई."

मामा, हीच ती, असं मी सांगणारच होतो. मामीनं नजरेनं थांबवलं. "बरं, जातो मी," ती म्हणाली, घराला वळसा घालून मागच्या दारानं आत गेली आणि समोरचं दार आतून उघडलं.

"आले का?"

मामांचा चेहरा उजळला. "कवाचा शोधून राह्यलो तुले. एक बाई आलती सोबत. भली होती बिचारी."

"तिले आत बोलवाचं होतं ना," मामी म्हणाली.

त्यांना खुर्चीत बसवून ती स्वयंपाकघरात गेली. मी मागोमाग गेलो आणि विचारलं, मामी, तुला काहीच कसं वाटत नाही?

"कोन म्हनते वाटत नाई?" ध्यानाला बसे तशी ती पाटावर ताठ बसली. "मले थोडं रडू दे, बापू. तू तवरक त्याइच्यापाशी बस."

मी बाहेर येऊन बसलो. मामांनी माझ्याकडे पाहून विचारलं, तुम्ही कोण?

"पाहुणा," मी म्हटलं.

मामांनी आत हाक दिली, "आयकलं का, चहा टाक. पाव्हना आला."

आतून आधी तोंडावर पाणी मारल्याचा आवाज आला, मग कपबशांचा.