पास्कोच्या चुलीखालचं सोनं

नाताळच्या सुट्टीत मेलबर्नची माणसं आमच्या मॅगपाय क्रीकला सोनं शोधायला येतात. म्हणजे मोटारीतून उतरतात, उन्हाला शिव्या घालतात, माझ्या दुकानातले खिमा पॅटिस हादडतात आणि ओढ्याकाठी क्लॅरी पास्कोपुढे रांग लावतात. इथलं सोनं आमच्या पणजोबांच्या काळातच संपलं, हे पाटीवर लिहिलेलं आहे. पण सुट्टीवर आलेला माणूस पाटी कशाला वाचेल?

क्लॅरी जुन्या खाणवाल्याचं सोंग घ्यायचा. लाल फ्लॅनेलचा सदरा, पायांशी दुमडलेली जाडीभरडी पँट, चिकटवलेली दाढी. रोज सकाळी लोक यायच्या आत तो ओढ्यावरचा हा खेळ चालवणाऱ्या मालकानं दिलेला सोन्याचा चिमूटभर कीस ओढ्यात पेरायचा आणि दिवसभर तोच गाळून काढायला लोकांना शिकवायचा.

"मेंढरं आहेत गं, आयडा, नुसती मेंढरं!" तो मला म्हणायचा. "मीच टाकतो, मीच काढून देतो, आणि नाचतात बघ कशी!"

आणि हा शहाणा स्वतः काय करायचा? घरी जाऊन स्वयंपाकघरात खड्डा खणायचा! सोन्याची शीर आपल्या घराखालून जाते, असं त्याचा आजा मरताना बरळला होता. तेवढ्यावर यानं जमिनीच्या फळ्या उचकटल्या. वर्ना, त्याची बायको, खड्ड्यावर टाकलेल्या फळीवरून ये-जा करत लोखंडी चुलीवर रांधायची. तिची एकच अट होती. "चुलीला हात लावलास तर मी जीलाँगला बहिणीकडे गेले म्हणून समज."

गेल्या जानेवारीत क्लॅरी चिखलाच्या पायांनीच दारूच्या गुत्त्यात घुसला. "सापडलं!" सोनं सापडलं की सगळ्या गुत्त्याला पाजायची, ही आमची रीत. त्यानं पाजली. फुकटची प्यायला अख्खं गाव लोटलं, त्याच्याकडे बघून नाकं मुरडणारेसुद्धा. क्लॅरी ओढ्यावरच्या मालकाच्या हातात दाढी ठेवून "आता दुसरं माकड शोधा" असंही सांगून आला.

मग आम्ही सगळे त्याच्या घरी. खड्ड्यातल्या मातीत कण चमकत होते, खोटं कशाला बोलू? मलाही हेवा वाटला.

"शीर चुलीखाली वळलीय," क्लॅरी म्हणाला. "उद्या चूल काढायची."

वर्ना बटाटे सोलत होती. तिनं मानही वर केली नाही.

"क्लॅरी, तुझी कामाची पँट कोण धुतं?"

"तू. का?"

"कुठं धुते?"

"भिंतीपलीकडच्या मोरीत. पण आत्ता त्याचं काय?"

"त्या मोरीचा पाइप फुटलाय, नीट कर, नीट कर म्हणून मी किती वर्षं कानीकपाळी ओरडतेय? पँटच्या दुमडीतला तुझा तो कीस धुतला जातो आणि पाणी मुरतं तुझ्या खड्ड्यात. वाक आणि बघ, अजून ठिबकतंय."

तो वाकला. आम्हीही वाकलो. ठिबकत होतं. पहिली हसले ती मीच, आणि मला त्याची लाज वाटली नाही. दुसऱ्यांना मेंढरं म्हणणाऱ्यानं आपलंच पेरलेलं सोनं शोधून गावाला दारू पाजली होती!

क्लॅरीनं खड्ड्यातली मूठभर माती उचलून बोटांनी चिवडली. मग त्याचा चेहरा उजळला.

"म्हणजे हे वरचं मोरीचं," तो म्हणाला. "खालचं अजून तसंच आहे की!"

वर्नानं सुरी खाली ठेवली. सोललेले बटाटे पाण्यात टाकले, हात पुसले आणि पिशवी भरून ती संध्याकाळच्या बसनं गेली. थांबवायला तो दारापर्यंतसुद्धा आला नाही.

दोन-तीन दिवसांनी, मी दुकान आवरत असताना तो दारात उभा राहिला. दाढी वाढलेली, गाल बसलेले. इतकी वर्षं त्याची टर उडवली, पण तेव्हा मला त्याची कीव आली. त्याला वर्नाच्या बहिणीचा पत्ता हवा असणार, असं मी धरून चालले. उरलेला एक पॅटिसही त्याच्यासाठी कागदात बांधला.

"आयडा, जरा घरी येतेस?" तो म्हणाला. "आता अडवायला कुणी नाही, पण चूल भारी जड आहे गं. एकट्याच्यानं हलत नाही."